जुन्या कॅसेटचा आवाज एकाच कानात येतोय? आधी तो कुठे हरवतो ते शोधा

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते: व्हिडिओ कॅसेट टीव्हीवर लावली तर आवाज व्यवस्थित, संगणकात उतरवली की फक्त डाव्या कानात, उजवा कान ठार बहिरा. त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'सॉफ्टवेअरमध्ये मोनोवर टिक करा', म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज मिसळून एकच करा. कधी तो लागू पडतो. कधी त्याने आवाज निम्म्यावर येतो आणि खरखर वाढते. आणि कधी कॅसेटवर मुळात असलेला दुसरा आवाजच आपण आपल्या हाताने पुसून टाकतो. निरनिराळ्या कारणांचं हे एकच लक्षण आहे, त्यामुळे उपाय करण्याआधी चॅनेल, म्हणजे डाव्या किंवा उजव्या बाजूचा आवाज, नक्की कुठे गळतो ते शोधायला हवं. सुदैवाने ते शोधणं पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याला कुठलंही यंत्र लागत नाही.

टीव्हीवर नीट वाजतं म्हणून फसू नका

बऱ्याच टीव्हींच्या पांढऱ्या सॉकेटवर डाव्या चॅनेलच्या खुणेसोबत 'मोनो' असंही छापलेलं असतं. लाल पिन लावलीच नाही, तर टीव्ही पांढऱ्या पिनेचा आवाज आपणहून दोन्ही स्पीकरना देतो. व्हीसीआर अँटेनाच्या केबलने जोडला असेल, तर बहुतेक यंत्रांत त्या वाटेने आवाज मोनोच जातो. म्हणजे टीव्हीने तुमची अडचण इतकी वर्षं झाकून ठेवली होती. कॅसेटचा सिग्नल संगणकात उतरवणारं कॅप्चर कार्ड असलं काही करत नाही. पांढऱ्यात आलं ते डाव्या बाजूला, लालमध्ये आलं ते उजव्या बाजूला, लाल रिकामं तर उजवीकडे शांतता.

ऐकण्याच्या बाजूलाही असाच एक सापळा आहे. लॅपटॉपचे छोटे स्पीकर इतके जवळ असतात की एक बाजू बंद असल्याचं पटकन कळत नाही. विंडोजमध्ये आणि फोनमध्येही 'मोनो ऑडिओ' नावाची सोय असते. ती चालू असेल तर हेडफोनमध्येही दोन्ही कानांत सारखंच ऐकू येतं. तेव्हा कानांवर विसंबू नका, रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या लेव्हल मीटरकडे बघा. दोन पट्ट्या हलताहेत की एकच? दोन्ही अगदी एकसारख्या हलताहेत, की थोड्या वेगळ्या? निम्मं निदान इथेच होतं.

व्हीसीआरला मागे सॉकेट किती आहेत?

हा प्रश्न फार साधा वाटतो म्हणून कुणी विचारत नाही, पण उत्तर बहुधा इथेच असतं. मागे पिवळं आणि पांढरं अशी दोनच आउटपुट सॉकेट असतील, तर यंत्र मोनो आहे. त्यात बिघाड काहीच नाही. एका पांढऱ्या सॉकेटमधला आवाज कॅप्चर कार्डाच्या पांढऱ्या आणि लाल अशा दोन्ही सॉकेटमध्ये द्यायचा, की झालं. त्यासाठी एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन टोकं असलेला 'वाय' जोड मिळतो. एका आउटपुटने दोन इनपुट चालवायला काही हरकत नसते; इनपुट फारसा प्रवाह खेचत नाहीत, त्यामुळे आवाजात फरकही पडत नाही.

उलट दिशेने मात्र हा जोड वापरू नये. स्टिरिओ व्हीसीआरची दोन आउटपुट वाय जोडाने थेट एकत्र बांधून एका इनपुटमध्ये घातली, तर दोन्ही आउटपुट एकमेकांनाच ढकलत बसतात. आवाज विकृत होऊ शकतो आणि सर्किटवर नको तो ताण येतो. दोन चॅनेल एकत्र करायचेच असतील तर ते नंतर संगणकात करावेत.

मागे स्कार्टचं (चित्र आणि आवाज एकत्र नेणारं, अनेक पिनांचं) लांबट सॉकेट असेल तर त्यातून बाहेर येणारा डावा आवाज तीन नंबरच्या पिनवर आणि उजवा एक नंबरच्या पिनवर असतो. स्वस्त स्कार्ट केबलींत सगळ्या तारा जोडलेल्या असतातच असं नाही. एक नंबरची तार नसेल तर उजवा कान बंद. स्कार्टच्या ॲडॉप्टरवर आत-बाहेरचं छोटं बटण असतं, तेही योग्य बाजूला आहे ना ते पाहून घ्या. पण ते चुकलं तर चित्र आणि आवाज दोन्ही जातात, एकटा चॅनेल नाही.

पिना बदलून बघायची चाचणी

समजा तुमचा व्हीसीआर स्टिरिओ आहे, दोन्ही पिना लावलेल्या आहेत, तरीही उजवी बाजू बंद आहे. आता कॅसेट चालू ठेवा आणि फक्त कॅप्चर कार्डाच्या टोकाला लाल आणि पांढऱ्या पिनांची अदलाबदल करा. व्हीसीआरच्या टोकाला हात लावू नका.

शांतता उजवीकडेच राहिली, तर दोष कार्डात किंवा संगणकातल्या सेटिंगमध्ये आहे, कारण आता त्या बाजूला चांगला सिग्नल पोचतोय आणि तरीही तो ऐकू येत नाही. शांतता डावीकडे सरकली, तर कार्ड निर्दोष. दोष केबल, व्हीसीआर किंवा कॅसेट या तिघांपैकी कुठेतरी आहे.

दुसऱ्या प्रकारात पिना पूर्ववत करा आणि आता अदलाबदल व्हीसीआरच्या टोकाला करा. शांतता उजवीकडेच राहिली तर केबलची लाल तार गेली. डावीकडे सरकली तर केबलही सुटली. उरले व्हीसीआर आणि कॅसेट. त्या दोघांतला गुन्हेगार शोधायला दुसरी कॅसेट लावा, शक्यतो विकत घेतलेल्या चित्रपटाची, जिच्यावर 'हाय-फाय स्टिरिओ' असं छापलेलं असतं. तीही एकाच बाजूने वाजली तर व्हीसीआर. ती दोन्ही बाजूंनी वाजली तर तुमच्या कॅसेटवरचं ध्वनिमुद्रणच एका चॅनेलचं आहे.

ही चाचणी न करता नवं कार्ड मागवणं, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकणं, विंडोज नव्याने बसवणं असले उद्योग लोक करतात. मला त्याचं नवल वाटतं, कारण केबल ही या साखळीतली सगळ्यात तकलादू कडी आहे आणि तिच्यावर संशय सगळ्यात शेवटी घेतला जातो.

व्हीसीआरवर बोट आलं तरी लगेच तो निकालात काढू नका. वर्षानुवर्षं न वापरलेल्या सॉकेटवर गंज धरतो. यंत्र बंद करून, भिंतीतला प्लग काढून, पिन सॉकेटमध्ये चार-सहा वेळा गोल फिरवत आत-बाहेर करा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सॉकेट पुसा. यंत्र परत चालू केल्यावर पिन हलवताना आवाज येतो-जातो असं झालं तर सॉकेटचा आतला टाका सुटलेला आहे. ते काम डाग देणाऱ्या माणसाचं. यंत्र स्वतः उघडायचा मोह टाळा, आत थेट विजेवर चालणारा पॉवर सप्लाय असतो. आणि रिमोटवर 'ऑडिओ' नावाचं बटण असेल तर आधी ते दाबून बघा. अनेक स्टिरिओ यंत्रांत ते डावा, उजवा, स्टिरिओ आणि साधा (मोनो) ट्रॅक यांतून फिरतं, आणि कुणीतरी कधीतरी दाबून ठेवलेलं असतं.

कॅसेटवर नक्की काय असतं

व्हीएचएस, म्हणजे घरगुती व्हिडिओ कॅसेटची नेहमीची पद्धत, १९७६ मध्ये आलं तेव्हा आवाजासाठी टेपच्या वरच्या कडेला एक अरुंद पट्टी होती, तीही मोनो. अर्धा इंच रुंद टेपमधला जेमतेम एक मिलिमीटर आवाजाच्या वाट्याला. काही यंत्रांनी नंतर त्याच पट्टीचे दोन भाग करून स्टिरिओ घातला. १९८०च्या दशकात हाय-फाय आलं. त्यात आवाज फिरत्या ड्रमवरच्या वेगळ्या हेडने (टेपवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागाने) चित्राच्याच भागात, पण टेपच्या अधिक खोल थरात लिहिला जातो, आणि डाव्या-उजव्यासाठी दोन निराळ्या वारंवारता वापरल्या जातात: पाल या भारतातल्या टीव्ही पद्धतीत १.४ आणि १.८ मेगाहर्ट्झ, एनटीएससी या अमेरिकेतल्या पद्धतीत १.३ आणि १.७. हाय-फाय यंत्रावर भरलेल्या कॅसेटवरही कडेची जुनी पट्टी भरलेली असतेच, म्हणून ती मोनो यंत्रात वाजते.

ही माहिती निदानाला कशी उपयोगी पडते ते बघा. हाय-फायचे दोन्ही चॅनेल एकच हेडजोडी वाचते. त्यामुळे ट्रॅकिंग (हेडचा टेपवरच्या रेषांशी मेळ) बिघडलं, हेड मळलं, तर त्रास सहसा दोन्ही बाजूंना होतो: फटफट, घरघर, अधूनमधून आवाज एकदम बदलून दबका होणं. हा दबकेपणा म्हणजे यंत्राने हार मानून कडेच्या मोनो पट्टीवर उडी मारलेली असते. तेव्हा एक चॅनेल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठार बंद आणि दुसरा स्वच्छ, असं असेल तर ट्रॅकिंगच्या मागे लागू नका. दोष पुढच्या सर्किटमध्ये, सॉकेटमध्ये किंवा मूळ ध्वनिमुद्रणात आहे.

आवाज सतत स्टिरिओ आणि मोनो यांत हेलकावे खात असेल, तर ऑटो ट्रॅकिंग सोडून हाताने ट्रॅकिंग लावा, चित्रापेक्षा आवाजाकडे लक्ष देऊन. तरीही जमलं नाही तर यंत्राला सरळ 'नॉर्मल' किंवा 'लिनिअर' ट्रॅक, म्हणजे कडेची जुनी पट्टी, वाजवायला सांगा. आवाज थोडा बोदा येईल, पण सलग येईल. घरगुती बोलण्याचं चित्रण असेल तर मी डोळे झाकून हाच पर्याय घेईन. दर चार सेकंदांनी पोत बदलणारा आवाज ऐकवत नाही. 'मिक्स' नावाचा पर्याय मात्र टाळा. दोन्ही ट्रॅक एकदम वाजले की त्यांच्यातल्या किंचित वेळेच्या फरकाने आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो.

मूळ ध्वनिमुद्रणच एका बाजूचं असण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बाहेरून लावलेला माइक. कॅमेऱ्याच्या स्टिरिओ जॅकमध्ये मोनो माइकची पिन घातली, तर आवाज फक्त डाव्या चॅनेलवर जातो आणि उजवा रिकामा राहतो. चित्रण करणाऱ्याला तेव्हा ते कळलेलं नसतं. हे दुरुस्त होतं ते फक्त सॉफ्टवेअरमध्ये.

आणि इथेच थांबून ऐकायला हवं. दुसरा चॅनेल खरंच रिकामा आहे का? कधी एका बाजूला वक्त्याच्या कॉलरवरचा माइक असतो आणि दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याचा स्वतःचा, ज्यात सभागृहातल्या टाळ्या आणि मागची कुजबुज असते. कधी एका बाजूला मूळ भाषा आणि दुसऱ्या बाजूला भाषांतर. काही मिनिटं शांत असलेला चॅनेल पुढे जागा होऊ शकतो. कॅसेटची सुरुवात, मध्य आणि शेवट, तिन्ही ठिकाणी प्रत्येक चॅनेल वेगळा ऐकल्याशिवाय एकही टाकून देऊ नये. व्यावसायिक यू-मॅटिक किंवा बीटाकॅमच्या टेपवर एका बाजूला कर्कश, एकसुरी किरकिर ऐकू आली तर तो टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची वेळ सांगणारा सिग्नल) असू शकतो. २५ फ्रेमच्या पद्धतीत तो सेकंदाला २,००० बिट या वेगाने आवाजासारखाच लिहिलेला असतो. तो बिघाड नव्हे, पण श्राव्य प्रतीत तो नको.

कॅमकॉर्डर वापरत असाल तर

व्हिडिओ-८ आणि हाय-८ चे बरेच कॅमेरे मोनोच होते, त्यांना वरचा वाय जोडाचा उपाय पुरतो. पण ज्या कॅमेऱ्यांत चित्र आणि आवाज एकाच ३.५ मिलिमीटरच्या जॅकमधून बाहेर येतात, तिथे एक निराळीच गंमत असते. त्या पिनेवर चार भाग असतात: डावा, उजवा, चित्र आणि अर्थ (अर्थिंगचा, म्हणजे सगळ्यांना सामाईक असलेला जोड). कोणता भाग कशासाठी, यावर उत्पादकांचं कधीच एकमत झालं नाही. दिसायला हुबेहूब सारखी केबल दुसऱ्या कॅमेऱ्याची असू शकते. मग एका कानात आवाज आणि दुसऱ्या कानात जोरदार घरघर येते. ती घरघर म्हणजे चित्राचा सिग्नल असतो, जो आवाजाच्या तारेत घुसलेला आहे. अशा वेळी पिवळी, पांढरी आणि लाल पिन आळीपाळीने एकमेकींच्या जागी लावून बघा. बरेचदा चित्र लाल पिनेतून बाहेर पडताना सापडतं. त्यात नुकसान काही नाही; रंग दुर्लक्षित करा आणि जे चालतं ते ठेवा. अर्थचीच जागा वेगळी असेल तर मात्र असं जमत नाही, त्या कॅमेऱ्याची मूळ केबलच लागते.

पिन पूर्ण आत बसलेली नसली तरी हाच प्रकार होतो. अर्थचा संपर्क सुटला तर आणखी विचित्र लक्षण दिसतं: पार्श्वसंगीत ऐकू येतं पण मधोमध असलेलं बोलणं गायब होतं, कारण उरतो तो फक्त दोन चॅनेलमधला फरक.

डिजिटल-८ आणि मिनी-डीव्हीच्या अनेक कॅमेऱ्यांच्या मेनूत 'हाय-फाय साउंड' नावाखाली स्टिरिओ, १ आणि २ असे पर्याय असतात. '१' निवडलं की डावा चॅनेल दोन्ही बाजूंना, '२' निवडलं की उजवा. केबलने उतरवताना ही सोय सॉफ्टवेअरपेक्षा सोपी पडते. मिनी-डीव्हीमध्ये १२ बिटच्या पद्धतीने चित्रण केलं असेल तर आवाजाच्या दोन जोड्या असतात, मूळ आणि नंतर भरलेली. कुणी मागाहून निवेदन भरलं असेल तर ते दुसऱ्या जोडीत सापडतं, आणि मेनूतला 'ऑडिओ मिक्स' सरकवल्याशिवाय ऐकू येत नाही. फायरवायरने (कॅमेऱ्यातून थेट डिजिटल फाइल देणाऱ्या केबलने) उतरवत असाल तर लाल-पांढऱ्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे एक बाजू बंद दिसली तर ती टेपवरच तशी आहे असं बहुतांशी धरून चाला.

संगणकाच्या बाजूला

लॅपटॉपच्या हेडफोन-माइकच्या एकत्र जॅकमध्ये व्हीसीआरचा आवाज घालणाऱ्यांना एकच सांगणं आहे: नका घालू. त्या जॅकमधला माइकचा भाग मोनो असतो आणि काही मिलिव्होल्टच्या सिग्नलसाठी बनवलेला असतो. व्हीसीआरचा सिग्नल साधारण ०.३ व्होल्ट असतो. आवाज फाटणारच. कॅप्चर कार्डाचीच ऑडिओ सॉकेट वापरा.

पिना बदलूनही शांतता जागची हलली नाही, तर विंडोजच्या जुन्या साउंड पॅनेलमध्ये 'रेकॉर्डिंग'खाली कार्ड निवडा, त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'ॲडव्हान्स्ड' उघडा आणि २ चॅनेल, १६ बिट, ४८,००० हर्ट्झ निवडलं आहे ना ते पाहा. शेजारच्या 'लेव्हल्स'मध्ये 'बॅलन्स' असतो; त्यात एक बाजू शून्यावर गेलेली सापडणं अजिबात दुर्मीळ नाही. काही स्वस्त एचडीएमआय कॅप्चर स्टिक तर संगणकाला स्वतःची ओळख ९६ किलोहर्ट्झ मोनो अशी करून देतात, प्रत्यक्षात आवाज ४८ किलोहर्ट्झचा स्टिरिओ असतो, डावा आणि उजवा नमुना एकाआड एक ओवलेला. तिथे लक्षण उलटं दिसतं: दोन्ही बाजू एकमेकींत मिसळलेल्या.

सॉफ्टवेअरमध्ये: मिसळू नका, नक्कल करा

कॅसेट परत उतरवणं शक्य नसेल किंवा दोष मूळ टेपवरच असेल, तर चांगल्या चॅनेलची नक्कल बंद चॅनेलवर करायची. 'मोनो मिक्स' ही वेगळी क्रिया आहे. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ओबीएस, त्याच्या 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मधला मोनोचा चौकोन दोन्ही चॅनेलची सरासरी काढतो. एका बाजूला शून्य असेल तर सरासरी निम्मी, म्हणजे आवाज ६ डेसिबलने खाली. वर बंद चॅनेल खरा शून्य नसतोच. त्यात मोकळ्या तारेने पकडलेली गुणगुण असते, ती फुकट मिसळते. मग आवाज वाढवायला जाल तर गुणगुणही वाढते. दोन्ही चॅनेलवर तोच आवाज पण उलट फेजमध्ये (एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली) असेल, तर मिसळल्यावर ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि हाती काहीच उरत नाही.

ऑडॅसिटीमध्ये ट्रॅकच्या मेनूतून 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' निवडा, रिकामा ट्रॅक काढून टाका, उरलेला मोनो म्हणूनच निर्यात करा. मोनो फाइल दोन्ही कानांत सारखी वाजते, त्यासाठी खोटा स्टिरिओ बनवायची गरज नाही. प्रीमिअरमध्ये 'फिल राइट विथ लेफ्ट' नावाचा इफेक्ट नेमका यासाठीच आहे. डाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये क्लिपच्या 'क्लिप ॲट्रिब्यूट्स'मध्ये जाऊन ऑडिओ मोनो करा आणि स्रोत म्हणून चांगला चॅनेल निवडा.

ढीगभर फाइली असतील तर एफएफएमपेग या आदेश टाइप करून चालवायच्या सॉफ्टवेअरला तोड नाही. त्याच्या 'पॅन' फिल्टरला सांगायचं की बाहेर जाणारे दोन्ही चॅनेल आत येणाऱ्या पहिल्या चॅनेलपासून बनव. तिथे मोजणी शून्यापासून होते, म्हणजे डावा शून्य आणि उजवा एक; हे विसरलं की दोन्ही कान बंद होतात. चित्राच्या बाबतीत 'कॉपी' सांगायला चुकू नका, म्हणजे फक्त आवाज नव्याने बांधला जातो आणि चित्र जसंच्या तसं राहतं. आधीच थकलेल्या व्हीएचएसच्या चित्रावर आणखी एकदा कॉम्प्रेशन कशाला?

आवाज वेगळा काढून परत जोडणार असाल तर फाइलच्या सुरुवातीची शांतता कापू नका आणि सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने, तो आकडा) बदलू नका. अर्ध्या सेकंदाची शांतता छाटली की पुढचे दोन-तीन तास सगळ्यांचे ओठ आणि शब्द यांची फारकत होते. जोडून झाल्यावर फाइलच्या शेवटी जाऊन, कुणीतरी समोरून बोलतंय असं दृश्य शोधून मेळ तपासा. सुरुवातीला जुळलेलं शेवटपर्यंत जुळलेलं असतंच असं नाही.